घागर घासून ठेव

माझ्या हातच्या एका गाठीवर अख्ख्या गावाची भिस्त होती, असं सांगितलं तर माझ्या खात्यातले लोक हसतील. हसू देत. त्या गाठीची गोष्ट सांगितल्याशिवाय डोमाजी पुजाऱ्याची गोष्ट सुरूच होत नाही, त्याला मी काय करू?

पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या पुढे आतल्या अंगाला एक गाव आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथली माणसं 'नर्सबाईनं आमची बदनामी केली' म्हणून बोंब मारतील, आणि तो राग माझ्यावर काढता येत नाही म्हणून तिथल्याच कोण्या गरिबावर काढतील. मी ओळखते ना त्यांना. तिथल्या उपकेंद्रात मी नर्स होते, उमेदीची सगळी वर्षं तिथंच घातली. मूळची मी तुमसरची, भातगिरण्यांच्या कोंड्यात वाढलेली आणि तोंडाची फटकळ. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणाला लागलं तर तक्रार नको.

मी रुजू झाले आणि दोन-चार दिवसांतच एक बाई तापलेलं लेकरू कडेवर घेऊन आली. लेकराच्या मनगटात काळा दोरा. दोऱ्याला एकच गाठ, दोन्ही टोकं लोंबतायत. तिनं लेकराचा हात माझ्यापुढे धरला.

"दुसरी गाठ मारून द्या, बाई."

"मी काय भगत आहे का?" मी खेकसले.

"पुजारीबुवानं धाडलं. पयली गाठ मायची, दुसरी नर्सबाईची. पन तुमी रक्त पाहून गोळ्या देसान तवाच मारायची म्हनलं. दुसरी गाठ नाही पडली तं दोरा लागू होत नाही."

माझं डोकं सणकलं. लेकराचं रक्त काचेवर घेतलं, गोळ्या दिल्या, आणि तशीच तरातरा मातामायच्या देवळात गेले. देऊळ म्हणजे तलावाच्या पाळीखाली कडुनिंब, त्याखाली टिनाचं छप्पर, कुलपाचं जाळीदार दार आणि आत शेंदूर फासलेली माय. पुजारी झाडत होता. उंच, वाळका, कमरेत वाकलेला माणूस. उजव्या खांद्यावर लिंबाएवढा घट्टा. मी पोटभर बोलून घेतलं. अंधश्रद्धा काय, लेकरांच्या जिवाशी खेळ काय, सगळं. तो झाडू हातात धरून मान हलवत ऐकत राहिला.

"झालं बाई?" मग म्हणाला. "आता पानी प्या. तुमच्या आधीची बाई इथं बसून बसून गेली, तिच्याकडं कोनी फिरकलं नाही. लोकं मायकडं येतेत. मंग म्या मायलेच इचारलं, आता कसं करू? ते म्हनली, अर्धी गाठ मार."

"माय म्हणाली?"

"नाही तं काय मले सुचते का एवढं?"

त्यानंतर मी गाठी मारायला लागले. दुसरं काय करणार? मनगटं येत राहिली, मी रक्त घेत राहिले. माझी गाठ टाक्याची, दोनदा पीळ देऊन मारलेली. हाताला तीच सवय. गावातल्या बाया लांबून मनगट बघून सांगायच्या, ह्या लेकराले नर्सबाईची पडली.

डोमाजीबुवा देवीशी बोलायचा ते ऐकण्यासारखं असायचं. आरती-बिरती त्याला धड येत नव्हती. "उठ वो माय, उजाडलं. काल त्या बुढीचं काय केलंस? धाडलीस वर? बरं केलंस, लय हाल होते तिचे." असं चालायचं. कधी भांडायचा. पाऊस लांबून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, करपायला लागले की तिच्याकडे पाठ करून बसायचा आणि दिवसभर बोलायचा नाही. सणावाराला मात्र तिच्या अंगावर नवं पातळ घालताना तोच नवऱ्या मुलीच्या बापासारखा डोळे पुसायचा.

आणि तो खांद्यावरचा घट्टा. गावात कोणाच्याही घरची तिरडी असो, डोमाजी खांद्याला हजर. कोणत्या जातीचा मेला, कोणत्या रोगानं मेला, विचारणं नाही. अडलेल्या बाईला खाटेवर घालून नाला पार करायचा असेल तरी तोच पुढे. ह्यावरून त्याच्या जातवाल्यांनी त्याला आधीच एकदा पंगतीतून उठवला होता. मी विचारलं, "बुवा, वाईट नाही वाटलं?" तर म्हणे, "मर्जी मायची, हमाली आपली. हमालानं बोऱ्यात काय भरलं ते पाहू नये." हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आता पारबताचं सांगते. पारबता म्हणजे तलावाच्या काठी राहणारी विधवा. एकच मुलगा, तो तुमसरला भातगिरणीत कामाला. हिच्याकडे एक छोटी बांधी होती, धान व्हायचं खाण्यापुरतं. हंगामात तलावातले शिंगाडे काढून, उकडून विकायची. सदा हसरी बाई. रस्त्यानं जाणाऱ्या पोरांच्या ओंजळीत दोन शिंगाडे टाकल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. तेच तिला भोवलं.

नत्थू पाटलाचा नातू तापला. पाटील म्हणजे गावातलं मोठं घर. ट्रॅक्टर, धानाचा व्यापार, सगळे सोसायटीचे लोक त्याच्या ओसरीवर. बुवानं पोराला दोरा बांधला, एक गाठ मारली आणि बजावलं, "आत्ताच्या आत्ता नर्सबाईकडं न्या." पण पाटलांचा नातू उपकेंद्राच्या ओट्यावर इतर पोरांबरोबर बसणार कसा? घरच्यांनी काय केलं, दुसरी गाठ घरीच मारली. गाठ काय, कोणीही मारली तरी गाठच, असं त्यांना वाटलं. दोरा पुरा झाला, आता ताप उतरतोच म्हणून निवांत बसले. मला बोलावणं आलं तेव्हा पोराला झटके येत होते. मेंदूत गेलेला मलेरिया. मी मनगट पाहिलं. दुसरी गाठ साधी होती, माझी नव्हती. जीपमध्ये घालून भंडाऱ्याला निघालो, पण पोर रस्त्यातच गेलं.

त्याच पोराला आदल्या आठवड्यात पारबतानं शिंगाडे दिले होते. कोणीतरी पाहिलं होतं. बस्स, तेवढं पुरलं. पारबतानं करणी केली.

आमच्या भागात अशा वेळी मायला विचारतात. मंगळवारी देवळापुढे डफ वाजतो, पुजाऱ्याच्या अंगात माय येते आणि तिच्या तोंडून नाव येतं. ज्याचं नाव आलं त्याचं पुढे काय होतं ते मला विचारू नका. दुसऱ्या गावातून आलेल्या अशा एका बाईच्या जखमा मी स्वतः धुतल्या आहेत. पारबताला आणून एका बाजूला बसवली होती. डोक्यावरचा पदर सुटलेला, तो सावरायचीही तिला शुद्ध नव्हती. अख्खं गाव ओरडत होतं, "बोल माय, बोल!"

बुवाचं अंग थरथरलं. मग थांबलं. डोळे मिटून तो बसून राहिला.

"नाव सांग, माय," पाटील हात जोडून रडत होता. खोटं रडत नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. "कोनं खाल्लं माह्या नातवाले?"

बुवा गप्प. त्याच्यावर पाणी ओतलं, लिंबू कापले, डफवाल्याचे हात भरून आले. ऊन कलायला लागलं तरी गप्प. मला राहवेना. मी गर्दीत घुसले आणि सगळ्यांसमोर बोलले, "करणी-बिरणी काही नाही. पोराच्या हातातली दुसरी गाठ माझी नव्हती. माझ्याकडं आणलंच नाही त्याला!"

पाटलाचा चेहरा पांढरा पडला. "म्हंजे? मीच मारलं म्हनता का बाई, माह्या नातवाले?"

लोक माझ्या अंगावर आले. तेवढ्यात बुवानं डोळे उघडले. "माय नाव सांगत नाही," तो म्हणाला. "घरी जा सारे." आणि पारबताच्या हाताला धरून तिला उठवलं, तिच्या दारापर्यंत पोचवून आला. गर्दीनं वाट दिली. पुजाऱ्याच्या अंगाला त्या दिवशी हात लावायची कोणाची छाती नव्हती.

संध्याकाळी मी त्याला फैलावर घेतलं. "बुवा, गाठीचं तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही का नाही बोललात?"

"खरं हाये तुमचं. पन पाटलानं ते मनावर घेतलं तं जगन कसा तो, बाई?"

"आणि पारबता? ती कशी जगेल?"

"त्याचं सांगतलं ना मायनं. आलती ते. नाव कोनाचं घेतलं नाही, मलेच म्हनली, घागर घासून ठेव."

म्हटलं, ह्याचं डोकं फिरलं. माझा ह्या अंगात येण्यावर तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पारबताला बोअरिंगवरून हाकलून दिलं. दुकानात मीठ देईनात, चक्कीवर दळण घेईनात. आणि बुवा घासून लखलखीत केलेल्या दोन घागरी कावडीला लावून तिच्या दाराकडे निघाला होता.

"पाहा बाई," मला बघून म्हणाला, जणू काही मोठी आनंदाची बातमी. "मायले आधीच माईत होतं. पुढचंबी माईत असन. मंग मी कायले भेऊ?"

त्याच्याकडून देवळाची चावी काढून घेतली. कडुनिंबाखाली एक नवा पुजारी आणून बसवला. त्याच्या स्वतःच्या मुलानं चूल वेगळी केली. 'आमच्या पोरींचे लग्नं व्हायचे हायेत, बाबा' म्हणाला. त्याच्या एका घागरीला दगड घालून पोचा पाडला, तर त्यानं ती ठोकून परत वापरात आणली. एकदा नाल्याच्या वाटेवर चौघा पोट्ट्यांनी ढकलून पाडला. माझ्याकडे गुडघा बांधायला आला तेव्हा मी चिडून म्हटलं, "नावं सांगा त्यांची, ठाण्यात जाते." तर म्हणे, "चिखलात कोन कोनाले वळखतो, बाई?"

तरी मी तक्रार केलीच. मी काही त्याच्यासारखी साधू नाही. गाडी आली. सगळ्या गावानं हात जोडून सांगितलं, 'आमच्याकडं असं काहीच नाही, साहेब.' पारबताला विचारलं, तर तिनंही तेच सांगितलं. गाडी चहा पिऊन परत गेली. मी पारबताला नंतर झापलं, तर ती नुसती रडत राहिली.

रोवण्याचे दिवस आले. धानाचा रोवणा आमच्याकडे बायांचा. पुरुष चिखल करतील, पऱ्ह्यांच्या पेंढ्या टाकतील, पण वाकून रोवणार नाहीत; ती त्यांची लाज. पारबताच्या बांधीत यायला एकही बाई तयार होईना. मग बुवा उतरला. तलावाच्या पाळीवर पोट्टे मोबाईल घेऊन उभे, त्याचा व्हिडिओ काढतायत, खिदळतायत. "पुजाऱ्याले लुगडं आना रे!" शेजारच्या बांधीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसतायत. ज्यांना खाटेवर घालून त्यानं नाला पार केला होता त्यातल्याच दोघी होत्या. मी नावं घेऊन त्यांना विचारलंसुद्धा, लाज वाटते का. त्यांनी मान फिरवली. बुवाच्या ओळी पार वाकड्या गेल्या होत्या. दिवाळीपर्यंत धान मात्र छान उभं राहिलं, ओळीची वाकडी का असेना.

असंच चाललं असतं, पण पारबता थकली. माणूस किती दिवस वाळीत जगणार? दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेला, गावानं तिच्यापुढे तोड ठेवली: बोकड कापून गावजेवण दे, मायपुढे नाक घास, मग माफ. जेवणासाठी तिनं बांधी विकली. कोणाला, ते सांगायला नकोच. पाटलानं घेतली. अख्खं गाव पारबताच्या दारात हाडं चोखून ढेकर देत उठलं. बुवाला बोलावणं नव्हतं. मला होतं, मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी बुवा सवयीनं कावड घेऊन गेला तर पारबता दारातच आडवी आली. मी समोरच्या घरी बाळंतिणीला बघायला गेले होते, म्हणून ऐकलं.

"बुवा, आता नका येत जाऊ. लोकं पाहून राहिलेत."

"बरं," बुवा म्हणाला. "आजचं तं भरून घे." ती आत गेली आणि दार लोटलं. त्यानं पाणी तिच्या अंगणातल्या तुळशीला घातलं, घागरी पालथ्या केल्या आणि घरी आला. मी तावातावानं मागे गेले. "बघितलंत? हिच्यासाठी केलंत हे सगळं?"

"तिच्यासाठी कुठं केलं?" त्याला खरंच नवल वाटलं. "हमालाले मालक पैसे देते, बोरा देत नाही."

मला त्याचं हे असलं बोलणं कधीच पटलं नाही. राग आला की माणसानं रागवावं. देवानं राग दिलाय तो कशाला मग?

दिवस गेले. बुवा आणखी वाकला. मायला तो लांबून, रस्त्यावरून हात जोडायचा. पायरी चढायची त्याला मनाई होती. एवढं एकच त्याला लागलं असावं. मंगळवारी डफाचा आवाज आला की हातातलं काम टाकून उभा राहायचा. नव्या पुजाऱ्याच्या अंगात यायचं बरंच, पण लोकांचा भरवसा बसेना. दोरे मात्र बुवाकडूनच गुपचूप बांधून न्यायचे, मागच्या दारानं. एक गाठ त्याची, दुसरी माझी.

मागच्या वर्षी पारबताची नात तापली. मुलगा-सून दोघं तुमसरला, नात आजीजवळ. तिथूनच दोन घरं टाकून वनिता राहते. नवऱ्यानं टाकलेली, शिलाई मशीनवर पोट भरणारी अबोल पोरगी. तिनं नातीला फ्रॉक शिवून दिला होता. झालं, आता फ्रॉकमध्ये करणी. आणि हे बोलणारी पहिली बाई कोण? पारबता. तिच्याच तोंडून मी ऐकलं, चव्हाट्यावर, कंबरेवर हात ठेवून. मी तिला म्हटलं, "अगं, तुला तरी कळायला पाहिजे!" तर माझ्याच अंगावर आली, "मायं लेकरू मरून राहिलं न् तुमी तिची बाजू घेता?"

ह्या वेळी गावानं बुवालाच बोलावलं. नव्या पुजाऱ्याच्या शब्दावर एवढं मोठं काम करायला मन धजेना. पाटील स्वतः चावी घेऊन आला, देवळाच्या ओट्यावर ठेवली. "पुजारीबुवा, झालं गेलं सोडा. देऊळ तुमचं. आज नाव सांगा न् उद्यापासून मायले तुमीच आंघोळ घाला."

बुवा किती दिवसांनी मायच्या समोर बसला होता. तिच्याकडे असा बघत होता की मला वाटलं, आता हा विरघळणार. मला भीती वाटली. खरं सांगते, त्या क्षणी त्याच्या देवावरचा माझा उरलासुरला विश्वाससुद्धा गोळा करून मी उभी होते. वनिता कोपऱ्यात बसली होती, मागल्या खेपेला पारबता बसली होती अगदी त्याच जागी.

पारबतानं गर्दीतून येऊन बुवाचे पाय धरले. "तुमी मले वाचवलं, बुवा. आता माह्या नातीले वाचवा. नाव घ्या तिचं."

डफ वाजत होता. बुवाचं अंग थरथरलं नाही. त्यानं पारबताच्या डोक्यावर हात ठेवला आणि खिशातून काळा दोरा काढला. "पोरगी कुठं हाये?" नात तुमसरहून धावत आलेल्या सुनेच्या कडेवर होती. तिच्या मनगटाला बांधून एक गाठ मारली. "बाईकडं ने. आत्ताच." मग उठला. मायकडे बघून "येतो वो" म्हणाला, चावी होती तिथंच ठेवली आणि गर्दीतून बाहेर पडला. कोणाला काही कळेना. मला कळलं. पाच मिनिटांनी तो तलावाच्या पायरीवर बसलेला दिसला. हातात राख, पुढ्यात तीच पोचे पडलेली घागर. घासत होता.

पारबता नातीला घेऊन माझ्याकडे आली. एवढं भान तिला होतं. मी रक्त घेतलं, औषध सुरू केलं, रुग्णवाहिका बोलावून भंडाऱ्याला दाखल केली आणि मगच दुसरी गाठ मारली. पोरगी वाचली. आठवड्यात घरी आली, फ्रॉक घालून खेळायला लागली. वनिताचं पाणी मात्र बंदच राहिलं. गावानं ते मंगळवारीच बंद केलं होतं आणि आता उघडायचं कोणी, हे कोणाच्याच ध्यानात नव्हतं.

मी निवृत्त झाले. निघायच्या दिवशी सकाळी सामान गाडीत भरून मी पुढे बसले होते. रस्ता पारबताच्या दारावरून जातो. पारबता अंगणात सडा टाकत होती. नात उंबऱ्यात बसून काही खात होती, मनगटात माझी गाठ. समोरून बुवा कावड घेऊन येत होता, खूपच वाकलेला, दोन पावलं टाकून थांबणारा. वनिताच्या घरी पारबताच्या अंगणाच्या कडेनंच जावं लागतं. तो ओल्या सड्यावर पाय ठेवणार म्हणून थांबला.

"पारबते, बाजूनं जाऊ दे वो," तो म्हणाला.

ती पाठ करून उभी राहिली. तो सड्यावरूनच गेला, घागरी सांभाळत. तो पुढे गेल्यावर ती वळली, बादलीत हात घातला आणि त्याची पावलं उमटली होती तिथं तिथं पुन्हा शेणपाणी शिंपडलं. एकेक पाऊल शोधून.

मी ड्रायव्हरला म्हटलं, गाडी थांबव. काच खाली करून मी तिला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती ऐकत राहिली, मग आत गेली. आवाजानं बुवानं मागे वळून बघितलं. कावड खांद्यावर होती म्हणून हात जोडता आले नाहीत. नुसती मान हलवली, मी पहिल्यांदा भांडायला गेले होते तेव्हा हलवली होती तशी. आणि पुढे चालायला लागला. वनिताचं दार उघडलेलं होतं.